राबणं आणि चालणं

आमच्या परतवाड्याच्या काकांना नैराश्यानं धरलं होतं तेव्हाची गोष्ट. झोप उडालेली, बोलणं जवळपास बंद. वावरात मात्र रोज जायचे, यंत्रासारखे. अमरावतीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि तिथल्या मानसतज्ज्ञ बाईंनी सांगितलं, रोज अर्धा तास फिरायला जा. घरी आल्यावर काका म्हणाले, "दिवसभर वावरात राबतो मी, अन् ह्या बाई मले फिराले जा म्हन्तेत!"

आम्ही हसलो. पण प्रश्न खराच होता. पुढे जुनं काही वाचत गेलो तेव्हा कळलं, की तो चांगला जुनाही आहे.

अठराव्या शतकाच्या शेवटी युरोपात पिनेल, ट्यूक यांच्यासारख्यांनी मनोरुग्णांना माणसासारखं वागवा म्हटलं, आणि काम हा उपचार ठरला. तो विचार इंग्रजांबरोबर इकडे आला. नागपूरचं मनोरुग्णालय १८६४ सालचं. त्या काळच्या अशा इस्पितळांत रुग्णांकडून बागकाम, शेतकाम, विणकाम करून घेत. उपचार म्हणून, आणि थोडाफार खर्च निघावा म्हणूनही! रुग्णाला काय आवडतं, हे कोण विचारणार?

आपल्या अमरावतीत १९१४ साली वैद्य बंधूंनी आखाडा काढला, तेच आजचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. मल्लखांब, कुस्ती, लाठी. १९३६ साली मंडळाचं पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी आपले खेळ दाखवून आलं. इथे व्यायाम होता तो देशासाठी, बलवान तरुण घडवण्यासाठी. खचलेल्या मनाचा माणूस आखाड्याच्या दारात कशाला जाईल?

व्यायामाला औषधाच्या शेजारी बसवून मोजलं ते फार उशिरा. १९९९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात ब्लुमेन्थाल यांनी नैराश्याच्या १५६ प्रौढ रुग्णांचे गट केले: कुणाला व्यायाम, कुणाला गोळी, कुणाला दोन्ही. १६ आठवड्यांनी सगळे गट सारखेच सुधारलेले दिसले. गोळीचा गुण आधी आला, एवढाच फरक.

मला जास्त जवळचा वाटला तो गोव्याचा प्रयोग, २०१७ साली प्रसिद्ध झालेला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत साध्या, प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र नैराश्याच्या रुग्णांना सहा ते आठ भेटींत एवढंच शिकवलं, की मन लागेल अशी लहान लहान कामं ठरवा आणि करा. तीन महिन्यांनी त्यांच्यातले ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते. हे समुपदेशन न मिळालेल्यांत ३९ टक्के. यात निव्वळ व्यायाम नव्हता. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडलं. वावरातलं राबणं कर्जासाठी, पावसासाठी, दुसऱ्यांसाठी असतं. शरीर थकतं, मनाला त्यातून काही मिळत नाही. बाईंना हवं होतं ते काकांचं स्वतःचं चालणं.

पुढच्या भेटीत बाईंनी विचारलं, "तुम्हाला कुठे जावंसं वाटतं?" काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "चिखलदऱ्याच्या रस्त्यानं."

गोळ्या चालूच राहिल्या. पण संध्याकाळी शेजारच्या दोस्तासोबत ते निघू लागले. पहिले काही दिवस नुसते चालले, मग बोलू लागले. आमचं वावर गावाच्या दुसऱ्या अंगाला आहे, त्या वाटेवर लागत नाही. बरंच आहे म्हणा ते.