एका कर्तृवाचक प्रत्ययाची वंशावळ

'लोहार', 'कुंभार' यांतील 'आर' आणि इंग्रजी 'बेकर', 'रायटर' यांतील 'अर' हे एकच, असें अनुमान कधीं कधीं ऐकूं येतें. कित्येक सज्जन त्यांतच संस्कृत 'तृच्' प्रत्ययही गोंवतात. आमच्या मतें हीं तीन निराळीं कुळें होत.

पहिलें कुळ 'तृच्'चें. दातृ व जनितृ यांशीं लॅटिन 'दातोर', 'गेनितोर' आणि ग्रीक 'दोतेर', 'गेनेतोर' हे शब्द जुळतात. धातु, प्रत्यय व अर्थ हीं तिन्ही जुळत असल्यामुळें येथें मूळ एकच मानणें प्राप्त आहे. हें सोदरत्व होय, उसनवारी नव्हे. इंग्रजी 'ॲक्टर' याचा शेवट लॅटिनमार्गें याच घराण्यांतून आलेला आहे.

दुसरें कुळ लॅटिन 'आरिउस'चें. हा प्रत्यय मुख्यतः नामास लागे; 'लिबेर' म्हणजे ग्रंथ, त्यावरून 'लिब्रारिउस' म्हणजे ग्रंथांच्या नकला करणारा. त्याचेच पुढें फ्रेंच 'इए', इटालियन 'आयो', स्पॅनिश 'एरो' व पोर्तुगीज 'एइरो' झाले. जर्मन शाखेच्या भाषांनीं तो लॅटिनपासून उसना घेतला, असें बहुतेक पंडित मानतात. इ. स. च्या 4 थ्या शतकांत बिशप वुल्फिला यानें केलेल्या बायबलच्या गॉथिक भाषांतरांत 'बोकारीस' म्हणजे शास्त्री व 'मोतारीस' म्हणजे जकातदार हे शब्द आढळतात. प्राचीन इंग्रजींत हाच प्रत्यय 'एरे' असा दिसतो. 'बेकर', 'रायटर' हे त्याचेच वंशज.

तिसरें कुळ आपलें. लोहकार, कुंभकार, चर्मकार यांतील 'क' प्राकृतांत लोपून लोहार, कुंभार, चांभार झाले. येथील 'आर' हा मूळचा प्रत्ययच नव्हे. तो 'कृ' धातूपासून झालेल्या 'कार' या पदाचा अवशेष आहे.

तथापि 'आरिउस' आपल्या किनाऱ्यास लागलाच नाहीं, असें नव्हे. गोमंतकांत पाव भाजणाऱ्यास 'पोदेर' म्हणतात; तो पोर्तुगीज 'पादेइरो' होय. म्हणजे 'पोदेर' व 'बेकर' हे व्यवसायानें एक, तसे प्रत्ययानेंही भाऊबंद. 'लोहार' मात्र त्यांचा कोणी नव्हे.

तात्पर्य, ध्वनिसाम्य हा पुरावा नव्हे. जुनें लिखित रूप हाच पुरावा. वुल्फिलाच्या भाषांतराची जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी व सोनेरी शाईनें लिहिलेली 6 व्या शतकांतील पोथी स्वीडनमध्यें उप्साला येथें आहे. तिचें एक सुटें पान 1970 सालीं जर्मनींत स्पायर येथील कॅथीड्रलमध्यें सांपडलें. आपल्या संग्रहांतील सुटीं पानें निरुपयोगी समजून टाकूं नयेत, एवढीच संग्राहकांस आमची विनंति आहे.