नील देवमासा-एकक : एका मापाचा इतिहास

देवमासा हा नावाने मासा असला, तरी वस्तुतः तो फुप्फुसांनी श्वास घेणारा व पिलांस दूध पाजणारा सस्तन प्राणी होय. त्यांपैकी नील देवमासा सर्वांत मोठा असून त्याची लांबी ३० मीटरपर्यंत भरते. मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिलू प्रसवते. इतक्या मंद गतीने वाढणाऱ्या जातीस मोठी शिकार सोसणे शक्य नव्हते.

शिडाच्या जहाजांच्या काळात हा वेगवान प्राणी शिकाऱ्यांच्या आटोक्याबाहेर होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नॉर्वेच्या स्वेन फॉयन याने वाफेच्या नौकेवर स्फोटक भाल्याची तोफ बसविली आणि ही स्थिती पालटली. १९०४ मध्ये साउथ जॉर्जिया बेटावर शिकारीचे ठाणे उभे राहिले. १९२५ पासून मारलेला देवमासा सबंध वर ओढून घेणारी कारखाना-जहाजे अंटार्क्टिक समुद्रात फिरू लागली. साबण व मार्गारीन यांसाठी तेलाला मागणी होतीच. १९३०-३१ च्या एकाच हंगामात सुमारे २९,००० नील देवमासे मारले गेले.

तेलाचे उत्पादन बेसुमार वाढून भाव कोसळले, तेव्हा शिकारीस मर्यादा घालण्यासाठी ‘नील देवमासा-एकक’ हे माप रूढ झाले. एक नील देवमासा म्हणजे दोन फिन, अडीच हंपबॅक अथवा सहा सेई देवमासे, असे हे समीकरण होते. त्याचा आधार जीवशास्त्र नसून तेलाचा उतारा हा होता. १९४६ च्या वॉशिंग्टन करारानंतर स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही हेच माप स्वीकारले. आरंभी वार्षिक मर्यादा १६,००० एककांची होती.

या मापाचा दोष त्याच्या रचनेतच होता. मर्यादा एककांच्या एकूण बेरजेला होती. कोणत्या जातीचे किती प्राणी मारावेत, याला नव्हती. एका नील देवमाशासाठी एकच पाठलाग पुरे. तेवढ्याच तेलासाठी सेई सहा वेळा गाठावा लागे. म्हणून नील देवमासा विरळ झाला तरी दिसताच मारला जाई, आणि ताफ्याचा खर्च फिन देवमाशांवर निघे. पुढे फिन घटले, तेव्हा सेईंची पाळी आली. एकेक जात क्षीण होत असता बेरीज मात्र दीर्घकाळ समाधानकारक दिसत राहिली.

अर्थात माप हेच एकमेव कारण नव्हते. सोव्हिएत ताफ्यांनी हजारो देवमाशांची नोंद दडविली होती, हे १९९० नंतरच्या दशकात उघड झाले. तथापि प्रामाणिक नोंदींनीही हा ऱ्हास थांबला नसता. १९६० मध्ये नेमलेल्या शास्त्रज्ञांच्या समितीने हे एकक रद्द करण्याची शिफारस केली. ती अमलात येण्यास १९७२ साल उजाडले. व्यापारी शिकार स्थगित करण्याचा निर्णय तर १९८२ चा. तोवर अंटार्क्टिकातील नील देवमासे, जे एके काळी दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे, काही शेकड्यांवर आले होते.

ज्या प्राण्याचे नाव मापाला दिले, त्याचीच स्वतंत्र गणना त्या मापाने अनावश्यक ठरविली.