मळक्या चीवरातला गुरू : षडक्षरी मंत्राचा प्रवास

१/८
‘ॐ मणिपद्मे हूँ’. तिबेटमध्ये दगडादगडांवर कोरलेली आणि प्रार्थनाचक्रांतून फिरणारी ही सहा अक्षरे मुळात संस्कृत आहेत. बोधिसत्त्व अवलोकितेश्वराच्या करुणेचा हा मंत्र भारतीय भूमीत घडला. त्यामागच्या श्रद्धेची साक्ष महाराष्ट्रातील लेणी आजही देतात.

२/८
षडक्षरीच्या आधी होते ते नामस्मरण. आग, पूर, लुटारू, बेड्या अशा संकटांत जो अवलोकितेश्वराचे स्मरण करील, तो तरेल, असे आश्वासन सद्धर्मपुंडरीक सूत्राचा एक संपूर्ण अध्याय देतो.

३/८
औरंगाबादच्या ७ क्रमांकाच्या लेण्यात हेच आश्वासन दगडात उतरले आहे. मधोमध बोधिसत्त्व आणि दोन्ही बाजूंना संकटात सापडलेली माणसे. आग, दरोडेखोर, सिंह, साप, हत्ती आणि बुडते जहाजसुद्धा. अजिंठा व कान्हेरी येथेही असे शिल्पपट आहेत. वाटसरू आणि व्यापारी यांची भीती त्यांत स्पष्ट दिसते.

४/८
ही भीती काल्पनिक नव्हती. पाचव्या शतकाच्या आरंभी चिनी भिक्षू फाहियान श्रीलंकेहून समुद्रमार्गे परत निघाला. वादळात जहाजाला गळती लागली आणि व्यापारी सामान समुद्रात फेकू लागले. आपले ग्रंथही जातील या धास्तीने त्याने अवलोकितेश्वराचा धावा केला. ग्रंथ वाचले, तोही वाचला.

५/८
सुमारे चौथ्या-पाचव्या शतकातील कारण्डव्यूह सूत्रात षडक्षरी प्रथम आढळते. या सूत्रात अवलोकितेश्वर थेट अवीची नरकात उतरतो. तेथील अग्नी शांत होतो, कमळे उमलतात. हाक येण्याची वाट न पाहता करुणा स्वतः दुःखाकडे चालत जाते.

६/८
मंत्र शिकवणारा मात्र विलक्षण आहे. साधकाला वाराणसीच्या एका धर्मभाणकाकडे जाण्यास सांगितले जाते. त्याचे शील ढळलेले, भोवती बायकामुले, चीवर मलमूत्राने माखलेले. तरीही त्याच्याविषयी मनात किंतु आणू नये, अशी ताकीद बुद्ध देतात. करुणेच्या विद्येची पहिली कसोटी म्हणजे समोरच्या माणसाकडे पाहण्याची दृष्टी!

७/८
‘कमळातील रत्न’ हा प्रचलित अर्थ व्याकरणाला सहज मानवत नाही. त्यासाठी ‘मणिः पद्मे’ असे रूप हवे होते. म्हणून अनेक अभ्यासक ‘मणिपद्मे’ हे संबोधन मानतात. साधकांच्या दृष्टीने मात्र जप आणि ध्यान शब्दार्थावर अडत नाहीत.

८/८
तिबेटी परंपरेने सहा अक्षरांची सांगड सहा गतींशी घातली: देव, असुर, मनुष्य, पशू, प्रेत आणि नरक. जपमाळ ओढताना साधक एकेका अक्षरासोबत त्या त्या गतीतील जीवांच्या दुःखमुक्तीचे चिंतन करतो. लेण्यांतला भाविक स्वतःला वाचवण्यासाठी हाक मारत होता. ध्यानस्थ साधक इतरांची हाक ऐकू पाहतो. या मंत्राच्या इतिहासातले सर्वांत लांबचे अंतर हेच आहे. हिमालय त्यानंतर येतो.