कॅरमल सफरचंदे : एक तळटीप

* हॅलोविनच्या सुमारास, ऑक्टोबरात, अमेरिकेत घरोघरी होणारा पदार्थ. लाल, काचेसारख्या कडक पाकातली ‘कँडी अ‍ॅपल’ वेगळी. त्यांचे श्रेय न्यूअर्कचे मिठाईवाले विल्यम कोल्ब यांना (१९०८) देतात. मऊ, चिवट कॅरमल ही १९५०च्या दशकातली भर. क्राफ्ट कंपनीतील डॅन वॉकर यांनी हॅलोविननंतर उरलेल्या कॅरमलच्या वड्या वितळवून त्यात सफरचंदे बुडवली, असे सांगतात.

घरी साखर, लोणी, क्रीम आणि कॉर्न सिरप एकत्र आटवतात. मिश्रण सुमारे ११८ अंश सेल्सिअसला उतरवायचे. थर्मामीटर नसेल तर गार पाण्यात थेंब टाकून गोळी वळते का पाहायचे; आपल्या गोळीबंद पाकाची परीक्षाही हीच. लवकर उतरवले तर लेप ओघळून ताटात साचतो, उशीर झाला तर दातांची कसोटी. सफरचंदे आधी कढत पाण्यात बुडवून खसखसून पुसायची, आणि हा निव्वळ सोवळेपणा नाही : बाजारातल्या सफरचंदांवर मेणाचा पातळ थर असतो, त्यावर कॅरमल धरत नाही. फळ ग्रॅनी स्मिथसारखे आंबटच हवे. गोड सफरचंदावर हा लेप म्हणजे अत्याचार.

मात्र तयार कॅरमल सफरचंदे दोन दोन दिवस ओट्यावर ठेवू नयेत. काडी खुपसली की रस लेपाखाली झिरपतो आणि तिथे जंतू वाढू शकतात. २०१४मध्ये अमेरिकेत विकतच्या कॅरमल सफरचंदांतून लिस्टेरियाची साथ पसरली, ३५ जणांना लागण झाली. फ्रिजमध्ये ठेवावीत आणि लवकर संपवावीत. — संपा.