दोन अक्षरांचा शब्द

वर्तमानपत्रांतील शब्दकोडें आतां पुष्कळ सुशिक्षित घरांत परिचयाचें झालें आहे. पांच अक्षरांचा एखादा इंग्रजी शब्द हवा असतो. त्याचें दुसरें अक्षर ठाऊक असतें, शेवटचें उभ्या शब्दावरून मिळालेलें असतें, आणि उरलेल्या तीन चौकटींसाठीं सारें घर कोश धुंडाळीत बसतें. असें पहिलें कोडें ऑर्थर विन या गृहस्थानें न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पत्रांत २१ डिसेंबर १९१३ रोजीं छापलें. परंतु शब्दाची लांबी आणि अक्षरांचीं स्थानें यांवरून शब्द ओळखण्याची ही युक्ति त्याच्या पाऊणशें वर्षें आधीं एका फार मोठ्या कामीं आली होती. तिनें हिंदुस्थानच्या प्राचीन इतिहासाचें दार उघडलें. आणि तिचें फळ पाहावयाचें तर पुणें जिल्ह्यांतील जुन्नरच्या डोंगरांकडे वळलें पाहिजे.

कोंकणांतून नाणेघाट चढून आलेला जुना व्यापारी मार्ग जुन्नरवरून पैठणकडे जात असे. आजही माळशेज घाटानें वर येणारा रस्ता ओतूर व आळेफाटा मागें टाकून आणे गांवाच्या पठारावरून पूर्वेस अहिल्यानगरकडे जातो. या रहदारीवर जुन्नर नांदतें झालें, आणि शिवनेरी, मानमोडी, लेण्याद्री व तुळजा या डोंगरांत दीडशेंहून अधिक लेणीं खोदलीं गेलीं. त्यांपैकीं कित्येकांच्या भिंतींवर ब्राह्मी लिपींतील लेख आहेत. पण कालांतरानें ती लिपि वाचणारा कोणी उरला नाहीं. लेण्याद्रीच्या एका लेण्यांत गिरिजात्मज गणपति विराजमान झाला, यात्रेकरू पायऱ्या चढून दर्शन घेऊं लागले. डोंगरावरील अक्षरें मात्र मुकीं राहिलीं. हा विसर एकट्या जुन्नरचा नव्हता. चौदाव्या शतकांत फिरोजशहा तुघलकानें अशोकाचे स्तंभ दिल्लीस आणविले, तेव्हां त्यांवरील लेख पंडितांनाही वाचतां आला नाहीं.

या लिपीचा उलगडा जेम्स प्रिन्सेप यानें १८३७ सालीं केला. हा कलकत्त्याच्या टांकसाळींत धातूंची परीक्षा करणारा अधिकारी व तेथील एशियाटिक सोसायटीचा चिटणीस. त्याच्या आदल्याच वर्षीं जर्मन पंडित लासेन यानें ग्रीक व ब्राह्मी अशा दुहेरी लेखाच्या नाण्यावरून अगाथोक्लीज राजाचें नांव वाचलें होतें. पण सबंध वर्णमाला अद्याप हातीं आली नव्हती. प्रिन्सेपपुढें सांचीच्या स्तूपावरील आंखूड लेखांचे ठसे होते. ते एकमेकांपासून भिन्न होते, परंतु बहुतेकांचा शेवट त्याच दोन अक्षरांनीं होत असे. पहिल्या अक्षरास काना, दुसऱ्याच्या पुढें अनुस्वाराचा ठिपका. या जोडीच्या आधीं बहुधा 'स' येई. तो पालींतील षष्ठीचा प्रत्यय. देवस्थानास खांब किंवा शिळा अर्पण करणारा मनुष्य 'अमक्याचें' असें लिहून पुढें दोन अक्षरांचा कोणता शब्द लिहील? प्रिन्सेपनें उत्तर दिलें, 'दानं'. त्या एका शब्दानें 'द' व 'न' हीं अक्षरें हातीं दिलीं आणि बाकीचीं भराभर जुळत गेलीं.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. चौकटींत बसणारा प्रत्येक शब्द खरा असतोच असें नाहीं. सांचीचें अनुमान टिकलें, तें तेथें शोभलें म्हणून नव्हे. तींच अक्षरें दिल्लीच्या स्तंभावर लावून पाहतां तेथेंही सरळ अर्थ निघूं लागला म्हणून. पुढें तीन वर्षांनीं, १८४० सालीं, अवघ्या चाळिसाव्या वर्षीं प्रिन्सेप निवर्तला.

जुन्नरच्या लेखांतही असाच एक शब्द पुनःपुन्हां येतो. तो चार अक्षरांचा, 'देयधम', म्हणजे धर्मार्थ दिलेली वस्तु. त्याचा आरंभ सांचीनें शिकविलेल्या 'द'नेंच होतो. त्याच्या आधारानें दात्यांचीं नांवें बोलूं लागलीं. मानमोडीस महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम यानें ४६ व्या वर्षीं मंडप व पोढी, म्हणजे पाण्याचें टांकें, दिलें. चिट नांवाच्या यवनानें भिक्षुसंघास भोजनमंडप दिला. इरिल नांवाच्या दुसऱ्या यवनानें दोन पोढ्या दिल्या. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीनें सात खोल्यांचें लेणें व एक पोढी दिली. बुरूड आणि कांसार यांच्या श्रेणींचाही उल्लेख येथें सांपडतो. पोथ्यापुराणांत ज्यांस जागा मिळाली नाहीं अशा या माणसांची ओळख केवळ या ओळींमुळें राहिली.

हे लेख वाचण्याच्या कामीं एतद्देशीय विद्वानही मागें राहिले नाहींत. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं जेम्स बर्जेस यांच्यासह पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख १८८१ सालीं प्रसिद्ध केले. नाणेघाटच्या प्राचीन अंकांचाही त्यांनीं कसून अभ्यास केला.

नाणेघाटच्या लेण्यांतील मोठ्या लेखाचीं पुष्कळ अक्षरें ऊनपावसानें झिजून गेलीं आहेत. तेथें अभ्यासक आजही जुन्याच युक्तीनें चालतात. किती अक्षरें गेलीं तें मोजावें, उरलेलीं पाहावीं, आणि त्या जागीं कोणता शब्द बसेल याचा विचार करावा. मात्र अनुमानानें भरलेलीं अक्षरें छापतांना ते कंसांत घालतात. दगडानें सांगितलेलें किती आणि विद्वानानें जोडलेलें किती, हें वाचकास त्यामुळें वेगळें दिसतें. कोड्याची चौकट भरण्याचा आनंद दोन्हीकडे सारखाच. पण इतिहासाच्या चौकटींत हा कंस विसरला, तर एका माणसाचें दान दुसऱ्याच्या नांवावर चढतें.