पट्टा कोण तपासतं? हवाई छत्री, मराठी पलटण आणि हवेचा बोगदा

आजचा भाग मी नाशिक रोडच्या घरातूनच रेकॉर्ड केलाय, त्यामुळे ऐकताना मागे हेलिकॉप्टरची घरघर आली असेल तर समजून घ्या. आम्हा नाशिक रोडकरांना तिची सवय आहे. इथल्या गांधीनगरच्या धावपट्टीवर लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण चालतं, आणि पलीकडे देवळालीला तोफखान्याचं. आमच्याकडची पोरं लहानपणापासून मान वर करूनच मोठी होतात.

मीही तसाच. कॉलेजात असताना एका साहस शिबिरात पॅरासेलिंगला उभा होतो. म्हणजे पाठीला उघडी छत्री, पुढे जीपला बांधलेला दोर. जीप पळाली की माणूस वर. माझा नंबर आला. उस्तादांनी विचारलं, "सगळं चेक?" मी छाती काढून म्हटलं, "हो सर!" ते काही बोलले नाहीत. वाकले, माझ्या डाव्या मांडीचा पट्टा धरला आणि एक हिसका दिला. पट्टा सरकन सुटून त्यांच्या हातात आला. मी बकल लावलं होतं, पण पट्टा त्यातून पुरता ओवलाच नव्हता.

ते ओरडले नाहीत, हे मला आजही नवल वाटतं. एवढंच म्हणाले, "रांगेतून बाहेर ये. आता मागच्या सगळ्यांचे पट्टे तू तपासायचे. शेवटी तुझे दुसरा कुणीतरी तपासेल. मग जा वर."

आजचा विषय आहे आकाशातून उडी मारण्याचा इतिहास. पण खरं सांगायचं तर तो त्या हिसक्याचाच इतिहास आहे.

आधी छत्री, मग शहाणपण

२२ ऑक्टोबर १७९७. पॅरिस. आंद्रे-जाक गार्नेरँ नावाचा माणूस बलूनखाली टोपलीत बसून वर गेला, दोर कापला आणि कापडी छत्रीच्या आधारानं खाली आला. जिवंत आला, पण टोपली घड्याळाच्या लंबकासारखी हेलकावे खात होती. छत्रीत कोंडलेली हवा कधी या कडेनं, कधी त्या कडेनं सांडत होती. उपाय पुढे सापडला तो अगदी साधा: छत्रीच्या डोक्यावर एक भोक ठेवा, हवा मधूनच जाऊ द्या.

हेलकाव्यांवर दुसरा उपाय रॉबर्ट कॉकिंग या इंग्रजानं काढला. छत्री उलटी करायची, म्हणजे शंकूचं टोक खाली. २४ जुलै १८३७ रोजी लंडनमध्ये तो बलूनखाली लटकून वर गेला. वय साठीच्या पुढे, आणि ही पहिलीच उडी. छत्री हवेतच मोडली आणि तो मेला.

या दोन गोष्टी शेजारीशेजारी ठेवून बघा. पुढची सगळी वाट तिथेच दिसते. कुणीतरी पडतं, कुणीतरी ते नीट बघतं, आणि पुढच्याच्या छत्रीत एक भोक किंवा एक टाका जास्त येतो.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अनेकांची पक्की समजूत होती की माणूस हवेतून मोकळा पडायला लागला तर त्याची शुद्ध हरपेल, हात हलणार नाही. म्हणून छत्री विमानाला किंवा बलूनला बांधलेल्या दोरीनंच उघडली पाहिजे. २८ एप्रिल १९१९ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन शहरात लेस्ली अर्विन विमानातून बाहेर पडला, मोकळा पडला आणि स्वतःच्या हातानं कडी ओढून छत्री उघडली. उतरताना घोटा मोडला, पण शुद्ध शाबूत होती! डेटन हे गाव लक्षात ठेवा, शेवटी परत तिथे यायचंय.

मराठ्यांची पलटण आभाळातून उतरते

आपल्याकडे १८९० मध्ये कलकत्त्यात रामचंद्र चटर्जी बलूनमधून छत्रीनं उतरले होते. पण तो तमाशबीन लोकांसमोरचा खेळ. फौजेत हे आलं ते १९४१ मध्ये, ५० वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड उभी राहिली तेव्हा. विमानातून उडी मारणारे पहिले भारतीय सैनिक म्हणून दोन नावं घेतली जातात, आणि त्यातलं एक नाव डॉक्टरचं आहे! ए. जी. रंगराज हे वैद्यकीय अधिकारी आणि दुसरे हवालदार-मेजर मथुरा सिंग. हेच रंगराज पुढे कोरियाच्या युद्धात पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स घेऊन गेले.

आता मराठी धागा. दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढलेली मराठा लाइट इन्फन्ट्रीची तिसरी बटालियन आठवते? नाईक यशवंत घाडगे याच बटालियनचे. जुलै १९४४ मध्ये त्यांना वीरमरण आलं आणि मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढे हीच बटालियन छत्रीधारी झाली. १९५२ मध्ये पॅराशूट रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिचं नाव झालं २ पॅरा, आणि कंसात ‘मराठा’. ज्यांचे पूर्वज दोर लावून गड चढले, ती माणसं आता वरून खाली यायला शिकली.

११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी २ पॅराचा बटालियन गट पूर्व पाकिस्तानात, आजच्या बांगलादेशात, टांगाइलजवळ उतरला. सुमारे ७०० जवान. काम होतं पुंगलीचा पूल ताब्यात घेऊन ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी तुकडीची वाट अडवायची. कमांडर होते लेफ्टनंट कर्नल के. एस. पन्नू. पूल मिळाला, आणि १६ डिसेंबरला ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांत हीच पलटण होती.

युद्धकथा म्हणून हे आपण ऐकलेलं असतं. पण उडीच्या बाजूनं बघा. माणसं पांगली, काही सामान तळ्यांत पडलं, आणि ते बाहेर काढायला, वाहून न्यायला गावकरी धावले. हजार-बाराशे फुटांवरून उडी मारली तरी वारा तुम्हाला विचारून नेत नाही. छत्री नीट उघडली म्हणजे काम झालं असं नसतं. कुठे उतरतोय आणि खाली आपलं कोण आहे, हेही तितकंच मोलाचं.

अशा उडीआधी विमानात एक रिवाज असतो. प्रत्येक जण पुढच्याच्या पाठीवरचं सामान तपासतो, खांद्यावर थाप मारतो आणि मागून पुढे ‘ओके, ओके’ अशी साखळी येते. पाठ स्वतःला दिसत नाही, म्हणून ती दुसऱ्याच्या हवाली करायची. अडाण्यालाही पटेल असं शास्त्र आहे हे.

फौजेतून हौशी लोकांकडे

महायुद्धानंतर जगभर छत्र्याही उरल्या आणि उड्या मारायची सवय लागलेली माणसंही. फ्रान्सच्या लिओ व्हॅलेंतँनं पोट खाली, छाती पुढे, हातपाय पसरून स्थिर पडायची पद्धत बसवली. आजही पहिला धडा तोच. त्याला पुढे पंख लावून उडायचं होतं. १९५६ मध्ये लिव्हरपूलला लाकडी पंख बांधून उडी मारली आणि त्यात तो गेला.

पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी खास या खेळाची केंद्रं निघाली, आणि तिथे एक वेगळीच जमात तयार झाली. दिवसभर उडी, मग जमिनीवर बसून छत्रीची घडी, परत उडी. ढग आले की गप्पा. ज्याची कुठलीही ‘पहिली’ गोष्ट होईल त्यानं सगळ्यांना पाजायचं. आपल्याकडे पेढे वाटतात तसं. शंभरावी उडी झाली की तोंडावर केकसारखा पाय फासायचा. एकमेकांना निरोप देताना ‘निळं आभाळ’ असं म्हणायचं.

पण या जमातीची मला सर्वांत आवडलेली सवय वेगळी आहे. अपघात झाला की त्याची चिरफाड सगळ्यांसमोर करायची. किती उंचीवर काय झालं, कोणती कडी ओढली, कोणती राहिली. आपल्याकडे गेलेल्या माणसाची चूक काढू नये असं म्हणतात. तिथे ती काढतात, कारण उद्या सकाळी त्याच दारातून आणखी वीस जण बाहेर पडणार असतात.

त्यातूनच उपकरणं आली. डॉमिना जाल्बर्टनं १९६४ च्या सुमारास गोल छत्रीऐवजी कप्पे-कप्पे असलेला, हवा भरून पंखासारखा होणारा आयत काढला. छत्री सुकाणूसारखी वळवता येऊ लागली. सत्तरच्या दशकात बिल बूथनं तीन कड्यांची जोडणी केली: मुख्य छत्री गुंतली तर एका ओढीत ती सुटते आणि राखीव छत्रीची वाट मोकळी होते. १९९१ मध्ये जर्मनीच्या हेल्मुट क्लोटनं ‘सायप्रेस’ आणलं. माणूस सव्वादोनशे मीटरवर येऊनही मोकळाच पडत असेल, तर हे छोटं यंत्र राखीव छत्री आपणहून उघडतं.

आकडे बघा. अमेरिकेत सत्तरच्या दशकात या खेळात दरवर्षी सरासरी चाळीसवर माणसं जायची. २०२३ मध्ये साडेछत्तीस लाख उड्यांत १० गेली.

मग प्रश्न सुटला? नाही. तोच बिल बूथ म्हणतो की साधन जितकं सुरक्षित होतं, तितका माणूस जास्त धोका पत्करतो आणि हिशोब परत तिथेच आणतो. नव्वदच्या दशकात नेमकं हेच दिसलं. छत्र्या लहान आणि चपळ झाल्या. छान उघडलेल्या, काहीही दोष नसलेल्या छत्रीखाली लोक जमिनीलगत झपकन वळण घ्यायला लागले आणि आपटून मरायला लागले. तिथे कुठलं यंत्र वाचवणार?

नऊवारी आणि चिकटपट्टी

इथे पुण्याच्या शीतल महाजन यांचं नाव घ्यायलाच हवं. १८ एप्रिल २००४ रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिली उडी होती. २००६ मध्ये दक्षिण ध्रुव, २०११ मध्ये पद्मश्री. नोव्हेंबर २०२३ मध्ये एव्हरेस्टच्या परिसरात साडेएकवीस हजार फुटांवरच्या हेलिकॉप्टरमधून उडी.

लोकांच्या लक्षात राहिली ती मात्र फेब्रुवारी २०१८ ची थायलंडमधली उडी, १३ हजार फुटांवरून, नऊवारी नेसून. फोटो सगळ्यांनी पाहिला. मी त्या बातमीतल्या पिनांवर आणि चिकटपट्टीवर अडकलो. सव्वाआठ मीटर कापड ताशी २०० किलोमीटरच्या वाऱ्यात न्यायचं. पदराचं एक टोक जरी सुटून फडफडलं आणि कडीवर आलं, तर हात कडीपर्यंत पोचणार नाही. म्हणून आधी साडी, मग जागोजागी पिना आणि पट्ट्या, मग त्यावर छत्री, हेल्मेट, गॉगल. कासोटा घट्ट असावा हे आपल्या आज्यांनी सांगितलंच होतं. इथे त्याला जिवाचं कारण मिळालं.

पडायचं शिकायला बोगदा

आता परत डेटनला या. राईट बंधूंचं गाव. १९०१ मध्ये त्यांनी पंखांचे नमुने तपासायला एक लाकडी पेटीवजा हवेचा बोगदा केला होता. त्याच गावात पुढे अमेरिकन हवाई दलाचा उभा बोगदा झाला, हवा खालून वर फेकणारा. १९६४ मध्ये जॅक टिफनी त्यात तरंगला. असा उडणारा तो पहिला माणूस मानतात.

कल्पना सोपी आहे. पोटावर पडणारा माणूस दहा-बारा सेकंदांत ताशी सुमारे २०० किलोमीटरचा वेग गाठतो आणि मग तो वेग वाढत नाही. तेवढाच वारा खालून सोडला तर माणूस जागच्या जागी राहतो. १३ हजार फुटांच्या उडीत मोकळं पडणं मिनिटभराचं, तेही कमीच. बोगद्यातली दहा मिनिटं म्हणजे दहा-बारा उड्यांचा सराव. जानेवारी २०२४ मध्ये हिमाचलात बकलोहच्या विशेष दलांच्या प्रशिक्षण केंद्रात आपल्या लष्कराचा असा बोगदा सुरू झाला. उद्घाटन तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल मनोज पांडे यांनी केलं, ते आपल्या नागपूरचे.

सामान्य माणसासाठी असा बोगदा हैदराबादला आहे. मी जाऊन आलो. आत इतका आवाज की शिक्षक हातानंच बोलतात: दोन बोटं सरळ म्हणजे पाय सरळ कर, दोन बोटं वाकडी म्हणजे पाय दुमड, अंगठा आणि करंगळी हलवली म्हणजे अंग सैल सोड. मला दोन मिनिटांत ती करंगळी किती वेळा दिसली विचारू नका! भीतीनं अंग आखडलं की माणूस काचेवर जाऊन आदळतो. सैल सोडलं की हवाच धरते. पोहायला शिकताना गोदावरीत हेच ऐकलं होतं.

पण बोगदा एक गोष्ट शिकवत नाही. तिथे जमीन वर येत नाही. मनगटावरचं उंचीमापक बघायची गरज पडत नाही, छत्री गुंतत नाही, अमुक फुटांच्या आत निर्णय घ्यायचा नसतो. बोगद्यात वाघ झालेला माणूस छत्रीखाली नवशिकाच असतो, आणि त्याला तसं सांगणारा जुना जम्पर शेजारी लागतो.

शेवटचं. या जमातीत कुणी गेलं की मित्र त्याच्या अस्थी घेऊन वर जातात आणि आभाळातच सोडतात. मी वाचलं तेव्हा मला रामकुंड आठवलं. लांबून लांबून लोक आपल्या माणसाला घेऊन नाशिकला येतात, ओंजळ रिकामी करतात आणि घरी जातात. फरक इतकाच की अस्थी सोडून झाल्यावर जम्परला लगेच उंची बघून स्वतःची छत्री उघडायची असते. दुःखातही कडी विसरून चालत नाही.

त्या दिवशी शिबिरात मी रांगेतल्या सगळ्यांचे पट्टे तपासले. एका मुलीचा छातीचा पट्टा पिळलेला निघाला, तो सरळ केला. मग तिनंच माझे तपासले. तिनंही हिसका दिला, चांगला जोरात. त्यानंतर मी वर गेलो आणि पहिल्यांदाच निर्धास्तपणे खाली बघितलं.

तुमच्याकडे कुणी फौजेत, एनसीसीत अशी उडी मारलेली असेल तर त्यांची गोष्ट जरूर कळवा. भेटूया पुढच्या भागात. तोवर दुचाकीवर बसलात तर हेल्मेटचा पट्टा लावा, आणि मागे बसणाऱ्याचाही एकदा ओढून बघा.