जात्याचे भाऊबंद

बारावीनंतर मूल 'मेकॅनिकलला' जाते. 'यंत्र अभियांत्रिकीला गेलो' असे म्हणणारा मला अजून भेटायचा आहे. ते नाव गुणपत्रिकेवर असते, बोलण्यात नसते. तरी एकदा ते सावकाश उच्चारून पाहावे. 'यंत्र' आणि 'अभियांत्रिकी', दोन्हींच्या पोटात एकच धातू आहे: यम्, म्हणजे आवरणे, धरून ठेवणे. संयम, नियम, व्यायाम ही त्याचीच लेकरे.

या यम् ला साधन दाखवणारा '-त्र' जोडला. ज्यातून पितात ते पात्र, तसे ज्याने आवरायचे ते यंत्र. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात सविता पृथ्वीला यंत्रांनी स्थिर करतो, तिथे चाके आणि दाते अभिप्रेत नसावेत. बांधून धरणारे काही असावे. सुश्रुत 101 यंत्रे सांगतो आणि 20 शस्त्रे वेगळी मोजतो. कापायचे ते शस्त्र. धरायचे, ओढून काढायचे ते यंत्र. म्हणजे चिमटे-सांडशीत मूळ अर्थ अजून जिवंत दिसतो. कौटिल्याकडे येईपर्यंत स्थितयंत्रे आणि चलयंत्रे अशी युद्धसामग्री उभी राहते, आणि यंत्र म्हणजे 'युक्तीने रचलेले साधन' हा अर्थ पुढे सरकतो.

जुना अर्थ मात्र शेजारी टिकून आहे. आपली 'यंत्रणा' निवडणुकीची असते, पाणीपुरवठ्याची असते. हिंदीत आणि बंगालीत यंत्रणा म्हणजे यातना! संस्कृतात यंत्रणा म्हणजे जखडणे. जखडण्यातली वेदना त्यांनी घेतली, जखडण्यातली व्यवस्था आपण.

आता मला सर्वांत प्रिय असलेले वळण. संस्कृत शब्दारंभीचा 'य' प्राकृतात 'ज' होतो: यात्रेची जत्रा, यज्ञोपवीताचे जानवे. 'अंत्र' पासून आतडे आले, 'दंत' चा दात झाला. अनुस्वार गेला आणि मागे दीर्घ 'आ' राहिला. हेच दोन नियम 'यंत्र' ला लावून पाहा. प्राकृतात 'जंत', जुन्या मराठीत 'जांतें', आणि आज जाते. दळायचे जाते! हिंदीतला 'जाँता' ही तोच. घरात यंत्र एकच असेल, तर त्याला 'यंत्र' एवढेच नाव पुरते. पुढे पंडितांनी संस्कृतातून 'यंत्र' पुन्हा आणले तेव्हा हा थोरला भाऊ ओसरीत बसला होता, पण त्याला कोणी ओळखले नसावे.

'अभियंता' हा घडवलेला शब्द आहे, पण घडवणाऱ्यांचा कान तयार होता. त्यातला 'यंता' संस्कृतात सारथी किंवा माहूत: शक्ती दुसऱ्याची, आवरणारा हा. 'इंजिनिअर' चे कूळ याच्या अगदी उलटे. लॅटिन 'इंगेनियम' म्हणजे उपजत बुद्धी; तिच्यापासून फ्रेंचमध्ये 'आंजँ', आधी चातुर्य आणि मग चातुर्याने रचलेले, विशेषतः तटबंदी फोडणारे, साधन. या इंगेनियमच्या मुळाशी 'जन्म देणे' आहे, म्हणजे तो आपल्या जन् चा नातलग. त्यामुळे इंजिन, जनरेटर आणि त्याचे मराठी भाषांतर 'जनित्र' हे तिघे चुलतभाऊ ठरतात. एक भाषा यंत्राकडे 'जन्माला घालणारे' म्हणून पाहते, दुसरी 'आवरणारे' म्हणून.

मला दुसरी अधिक नेमकी वाटते. उघड्या पातेल्यातली वाफ छपराला लागून विरते. सिलिंडरमध्ये कोंडली तरच दट्ट्या ढकलते. वॅटने 1788 मध्ये आपल्या वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा 'गव्हर्नर' बसवला, वेग वाढला की वाफ कमी करणारा. गव्हर्नर हा मुळात ग्रीक 'क्युबरनेतेस', सुकाणू धरणारा. सायबरनेटिक्स त्याच्यातूनच निघाले. इकडे सारथी, तिकडे तांडेल. दोघांचे काम एकच.

पुण्यातले सर्वांत जुने अभियांत्रिकी महाविद्यालय 1854 मध्ये निघाले तेव्हा त्याचे नाव 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' होते. मधला 'अँड' पाहण्याजोगा आहे. रस्ते-पूल बांधणारा इंजिनिअर आणि हातात कानस घेणारा मेकॅनिक हे तेव्हा दोन वर्ग असावेत. पहिल्या वर्षाच्या वर्कशॉपमध्ये आजही हा 'अँड' पुसला जातो. लोखंडी तुकडा काटकोनात घासताना बोटांना फोड येतात, आणि शिकवतो तो मेस्त्री, म्हणजे पोर्तुगीज 'मेस्त्र', म्हणजे लॅटिन 'मागिस्तेर', गुरुजीच.

'ऊर्जा' आणि 'एनर्जी' कानाला सख्ख्या वाटतात, पण कुळे वेगळी दिसतात. अ‍ॅरिस्टॉटलच्या 'एनेर्गेइया' त 'एर्गोन' म्हणजे काम आहे. इंग्रजी 'वर्क' त्याचा सगोत्र. थॉमस यंगने 1807 मध्ये 'एनर्जी' हा शब्द पदार्थविज्ञानात आणला. वैदिक 'ऊर्ज्' मात्र अन्नातला रस, पोषण. वैदिक मासनामांत इष म्हणजे आश्विन आणि ऊर्ज म्हणजे कार्तिक, धान्य घरात येण्याचे दिवस. प्रतिशब्द निवडताना नादसाम्य भावले असावे, आणि निवड फळली. ऊर्जेची व्याख्या 'कार्य करण्याची क्षमता'. त्या कार्यातला कृ आणि फारसी 'कारखाना' तला 'कार' एकाच घरचे.

तिसऱ्या सत्रात थर्मोडायनॅमिक्स येते. ग्रीक 'थेर्मोस', फारसी 'गर्म' आणि संस्कृत 'घर्म' हे एकाच शब्दाचे तीन उच्चार आहेत. घर्माचा प्राकृत 'घम्म' झाला आणि मराठीत घाम. जाते ओढणारीच्या कपाळावर तो असतो. तिच्या हातांचे काम दगडांच्या घर्षणात जाते, त्यातला काही भाग उष्णता होतो, आणि पाळ्यांमधून पडणारे पीठ बोटांना कोमट लागते.